अक्रोडाचं टेबल

दयाने त्या दिवशी भाकरी करायला उशीर केला, म्हणून तिचा सासरा वाचला. एरवी दुपारी एक वाजला की दानीएल सुतार अंगणातल्या अक्रोडाखाली ताट घेऊन बसायचा. त्या दिवशी तो भुकेने करवादत शेडच्या दारात उभा होता आणि प्रवरेच्या अंगाने वळवाचं वारं आलं. आधी धुळीने डोळे मिटले, मग शेडचे पत्रे खडखडले, आणि झाड मुळापासून उलथलं. पडताना त्याने कुंपण, न्हाणीची भिंत आणि निम्मा रस्ता घेतला. पाऊस मात्र नावाला चार थेंब आला.

कोल्हारात हे झाड एवढं एकच. जुन्या मिशन शाळेच्या मागे दानीएलचं घर आणि शेड, तिथे कोणा मडमबाईने साठ-सत्तर वर्षांपूर्वी ते लावलेलं. तीन टोकांची मोठी पानं, कोवळी असताना पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी. पांढऱ्याच बारीक फुलांचे तुरे, आणि मग लिंबाहून थोडी मोठी हिरवी फळं, आत दगडासारखी कठीण बी. गावाला झाडाचं नाव ठाऊक होतं, झाड ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं लोकांनी त्याच्या सावलीत मोटारसायकली लावल्या आणि खोडावर तंबाखूच्या पिंका टाकल्या. पडल्यावर संध्याकाळपर्यंत निम्मं गाव बघायला लोटलं. अक्रोड म्हणजे काश्मीरचा माल, बंदुकांचे दस्ते याचेच करतात, असं ज्यांनी बंदूक फक्त बँकेच्या दारात पाहिली होती ते सांगू लागले. ग्रामपंचायतीच्या एका सदस्याने तर रस्त्यावर पडलेलं झाड पंचायतीचं, असा कायदा उभ्या उभ्या करून टाकला.

दानीएलने तोवर कुऱ्हाड काढली होती. अडुसष्ट वर्षांचा काटक म्हातारा, डाव्या हाताची दोन बोटं कटरने पेरापेरातून नेलेली. तो फांद्या छाटत राहिला. ज्याला लाकूड कळत नाही त्याला तो माणसात धरायचा नाही, आणि तसं बघायला गेलं तर कोल्हारात माणसं फारच थोडी उरायची. दारं, चौकटी, टेम्पोचे हौदे, चर्चचे बाक आणि आजूबाजूच्या दहा गावांतल्या ख्रिस्ती लोकांच्या मयताच्या पेट्या, हे त्याचं काम. आपल्या शेडमधून गेलेली वस्तू आजवर परत आली नाही, असं तो छाती काढून सांगायचा. पेट्या परत यायचा प्रश्नच नव्हता, पण तो त्यासुद्धा धरायचा.

तिसऱ्या दिवशी पुण्याच्या नंबरची पांढरी गाडी येऊन थांबली. नृसिंह मास्तरांचा मुलगा सुहास उतरला, मागून त्याची बायको विजया. मास्तरांनी दानीएलला चौथीपर्यंत शिकवलं होतं. सुहासराव तीस वर्षं पुण्यात कंपनीत होते, आता नदीच्या बाजूला वडिलांच्या रानात बंगला बांधत होते. पन्नाशीचा माणूस, गुडघ्यापर्यंतची विजार, गळ्यात रुद्राक्ष. वयाने अठरा वर्षांनी मोठ्या म्हाताऱ्याला त्यांनी सरळ एकेरीत हाक मारली. दानीएल मोठा झाल्यावर त्यांच्या वडिलांनीसुद्धा कधी मारली नव्हती.

"अरे दानीएल, हे वॉलनट आहे. तुला काही कल्पना आहे का?"

"अक्रोड म्हंत्यात," दानीएल म्हणाला. हातातली कुऱ्हाड त्याने खाली ठेवली नाही.

सुहासरावांनी पानाचा फोटो काढला, मोबाईल पाच-सहा वेळा चोळला आणि तो म्हाताऱ्याच्या नाकासमोर धरला. "वाच. इंडियन वॉलनट. पुण्यात याच्या टेबलाचे भाव ऐकलेस तर चक्कर येईल तुला."

दानीएलला चष्म्याशिवाय मोबाईल फक्त उजेडासारखा दिसायचा. त्याने कुऱ्हाडीने खोडाची साल थोडी उडवली आणि आतल्या पांढऱ्या लाकडात अंगठ्याचं नख रुतवलं. खूण उमटली.

"ह्ये बघा. नाव अक्रोड, पर जात येगळी. ह्यो रानअक्रोड. काश्मीरचा काळपट, घट, जड असतोय. ह्येचं लाकूड पांढरं, हलकं, मऊ. डाळिंबाच्या खोक्याला आमी भाईरून आनून ह्येच वापरायचो, पिलाष्टिकचे क्रेट याच्या आधी. आमच्या मयताच्या पेटीला तर लई बरं, मातीत लवकर जातं. टेबलाला न्हाई चालत. दोन पावसाळं, मंग किडा धरतोय. पीठ हुतं."

सुहासराव विजयाकडे वळून हसले. "बघितलंस? गिऱ्हाईक दिसलं की माल वाईट म्हणायचा. आपण गेलो की उद्या इथे व्यापाऱ्याचा ट्रक लागेल."

दया ओट्यावर बिया फोडत बसली होती. खलबत्त्यातल्या लोखंडी दस्त्याने एकेक बी फोडायची आणि गर सुपात टाकायची. पावसाच्या आधी ती गर भाजून घाण्यावर तेल काढून आणायची. घरातली सगळी हत्यारं, दांडे, चर्चचे बाक त्याच तेलाने पुसले जायचे. तेल लाकडात मुरून वाळायचं आणि वर चिकट राहायचं नाही. वीज गेली तर ती खराट्याच्या हिरात पाच-सहा गर ओवून पेटवायची, वरचा जळला की खालचा धरायचा. सुहासरावांनी सुपातून मूठभर गर उचलले.

"कच्चं खाऊ नका, भाऊ," दया म्हणाली. "पोट जाईल. भाजल्याबिगर आमी तोंडात घालत न्हाई, आन् भाजलं तरी एखादंच."

"अक्रोड कधी कोणी भाजून खातं का?"

"आमी खातो."

"तुम्ही काय खाता ते सांगू नकोस मला." आणि त्यांनी पाच-सहा गर चावून खाल्ले. "जरा उग्र आहे. पण ओरिजिनल."

विजयाने एक घेतला होता, तो तिने हळूच सुपात परत टाकला. बंगल्याच्या संडासाला अजून नळ जोडलेला नव्हता. पुढचे दोन दिवस सुहासरावांनी नदीकाठच्या वेड्या बाभळींमागे काढले, एका हातात टमरेल आणि दुसऱ्या हातात मोबाईल. कोल्हारचं पाणी खराब आहे, असं त्यांनी कंत्राटदाराला सांगितलं आणि पुण्याहून बाटल्या मागवल्या.

हे लाकूड ओलं असताना ओंडक्यात राहू दिलं की आठवड्यात निळं-काळं पडतं. म्हणून दानीएल आणि त्याचा मुलगा, दयाचा नवरा स्टीफन, दिवस उगवला की कामाला लागायचे. कटर खोडात सहज शिरायचा, पण ओल्या भुशाने साखळी लिबलिबीत होऊन सारखी अडकायची. दोघांच्या अंगाला चीक लागायचा, उन्हात तो वाळून कातडं ओढायचा. ओंडके टेम्पोने सॉ मिलला नेले, इंचाच्या फळ्या पाडून आणल्या आणि शेडमध्ये मध्ये काड्या घालून रचल्या. दयाने पाणी द्यायचं, भुसा पोत्यात भरायचा आणि सासऱ्याच्या शिव्या ऐकायच्या. शिव्या लाकडाला नसायच्या. त्या गावाला, पंचायतीला आणि प्लायवूड शोधून काढणाऱ्या अनोळखी माणसाला असायच्या.

कामाच्या चौथ्या दिवशी फळी उचलता उचलता स्टीफनने सांगून टाकलं. "आबा, सुहास सायबाला बंगल्यात ह्याच अक्रोडाचं जेवायचं टेबल पायजे. मी हो म्हणून आलोय."

दानीएलने आपलं टोक तसंच धरून ठेवलं. "कुनाला इचारून?"

"टेबल दिलं तर बंगल्याची दारं, खिडक्या, कपाटं सगळी आपल्याला. त्येंचे दोन मित्र बी बांधनार हायेत तिथंच. आबा, सहा महिनं झाले, एक चौकट न्हाई आली शेडात. लोकं रेडिमेड आनत्यात. लोखंडाची दारं लावत्यात."

"मंग दारं कर. सागाची कर. टेबल करू नको."

"त्ये म्हनले आधी टेबल, मंग बाकी."

"त्येला कळत न्हाई. तुला कळतंय ना? का प्लायवूड चिकटवून चिकटवून तुझी बी अक्कल चिकटली?"

स्टीफनला चाळिशी लागत होती. बापाकडून अशी बोलणी खात तो काम शिकला होता, आणि प्लायवूडच्या कपाटांवरच घर चाललं होतं, हेही खरं होतं. दयाने मध्ये तोंड घातलं. "आबा, त्येला मोबाईलनं सांगितलंय. तुमी सांगून त्यो ऐकनार हाय का? करून द्या. खाईल आपल्या कर्मानं, गर खाल्लं तसं."

दानीएलने फळी खाली टाकली आणि तो तंबाखू मळायला बसला. शेवटी म्हणाला, "खालचा सांगाडा मी करनार. बाभळीचा. वर त्येचा अक्रोड टाक. आन् मी त्येला पुन्ना एकदा सांगनार."

त्याने सांगितलं. फळ्या एक अख्खा उन्हाळा वाळू द्या म्हणाला. सुहासरावांना दिवाळीला वास्तुशांत करायची होती. मग निदान किड्याचं औषध तरी पाजू द्या म्हणाला. त्यावर सुहासराव म्हणाले, "त्यावर आम्ही जेवणार आहोत. केमिकल नको. सगळं नॅचरल हवं मला." मधली आडवी पट्टीही त्यांनी काढायला लावली, बसल्यावर पायाला लागते म्हणून. "तिच्याबिगर वरच्या फळीला आधार ऱ्हात न्हाई," दानीएल म्हणाला. "तू फक्त सांगितलंय तेवढं कर," सुहासराव म्हणाले. दानीएलने पुन्हा सांगितलं नाही.

सांगाड्यावर त्याने अठरा दिवस घालवले. शेडमागे सात वर्षं पडून असलेली बाभूळ काढली. ती इतकी वाळलेली की रंधा तिच्यावरून घसरायचा आणि पटाशीला दर तासाला धार लावावी लागायची. चार पाय, चार आडव्या पट्ट्या. पट्टीच्या टोकाची जीभ पायातल्या खाचेत लाकडी मोगरीच्या ठोक्याशिवाय शिरू नये आणि शिरली की हलू नये, एवढी घट्ट. प्रत्येक सांध्यात बाभळीचीच खुंटी. खिळा नाही, स्क्रू नाही, डिंकसुद्धा नाही. वर खोक्याचं मऊ लाकूड बसणार आणि खाली हे, याचा त्याला मनातून राग होता, आणि रागाने त्याचं काम आणखीच नेटकं झालं.

वरच्या फळ्या स्टीफनने जोडल्या. दयाने तेलाचे दोन हात दिले आणि लाकूड साईसारखं पिवळसर, मऊ दिसायला लागलं. खरंच चांगलं दिसत होतं. सुहासराव बघायला आले आणि त्यांचा चेहरा पडला. "पण वॉलनट डार्क असतं," ते म्हणाले आणि मोबाईल काढून चित्र दाखवलं. झाडाने आपल्या नावासारखं दिसायचं नाकारलं होतं, तेव्हा त्याला नावासारखं रंगवायचं ठरलं. स्टीफनने राहात्याहून काळपट चॉकलेटी रंगाचा डबा आणला आणि दयाच्या तेलावर फासला.

वास्तुशांतीला गाव जेवलं. पुण्याचे पाहुणे आत खुर्च्यांवर, गाव मांडवात, आणि दानीएलचं घर मागच्या ओट्यावर, कंत्राटदाराच्या गवंड्यांबरोबर, कागदी ताटांत. कोणी मुद्दाम बसवलं नव्हतं. सगळ्यांना आपापली जागा न सांगता कळते, तसं झालं होतं. खिडकीतून सुहासरावांचा आवाज येत होता. "आपल्या गावचा अक्रोड आहे हा. शंभर वर्षांचा. आणि गंमत म्हणजे ज्याच्या दारात होता त्या माणसाला माहीतच नव्हतं की आपण कशाच्या सावलीत भाकरी खातोय!" पाहुणे हसले. दयाचा घास हातात राहिला. दानीएलने वाढप्याला हाक मारून आणखी दोन जिलब्या घेतल्या.

बंगल्याची दारं स्टीफनने केली, कपाटंही केली. एक पावसाळा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात विजयाला रोज सकाळी टेबलाखाली पिठीची बारीक रांगोळी दिसू लागली. ती झाडायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. तिने नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, कणकेच्या डब्यातून सांडत असेल. मग फळ्यांवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली. मग एकदा बशी जोरात ठेवली तर तिथे खळगा पडला. सुहासरावांनी वर जाड टेबलक्लॉथ अंथरला आणि पाहुण्यांना कोपर टेकू नका असं सांगायला सुरुवात केली, का ते सांगितलं नाही.

नवरात्रानंतरच्या रविवारी त्यांनी स्टीफनला निरोप पाठवला, म्हाताऱ्याला घेऊन ये. शेजारी बांधणारे ते दोघे मित्र पुण्याहून आले होते. चर्च सुटल्यावर बाप-लेक तसेच गेले, दानीएल धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्या-पायजम्यात. सुहासरावांनी त्यांना व्हरांड्यातच थांबवलं आणि आवाज खाली आणला.

"हे बघ दानीएल, मी तुझ्यावर चिडलेलो नाही. लाकडाला थोडं काहीतरी झालंय. आत ते दोघे आहेत, ते काम बघूनच ठरवणार. तू एवढंच म्हण, लाकूड उत्तम होतं, पण आमच्याकडून काम कच्चं राहिलं. चूक झाली. मी म्हणेन, होतं कधीकधी, माणसं प्रामाणिक आहेत. दोन बंगल्यांचं काम स्टीफनला. दोन वर्षं बघायला नको."

दानीएलच्या ध्यानात सगळं आलं. दोन वर्षांत हा माणूस सगळ्या पुण्याला अक्रोड अक्रोड सांगून बसला होता. आता अक्रोड खोटा निघाला तर त्याची अब्रू जाणार होती, म्हणून सुताराचं काम खोटं निघायला हवं होतं.

"आबा," स्टीफन खालमानेने म्हणाला, "एक वाक्य तर हाय."

सगळे आत गेले. मित्र सोफ्यावर बसलेले, दोघांच्याही हातात चहाचे कप. विजया स्वयंपाकघराच्या दारात उभी. टेबलक्लॉथ बाजूला केलेला होता. सुहासरावांनी प्रस्तावना केली, गावचे कारागीर वगैरे, आणि दानीएलकडे बघून थांबले. दानीएल बोलेना. मित्रांपैकी एकाने घड्याळ बघितलं.

"व्हय," स्टीफनच बोलला. "लाकूड चांगलं हुतं. आमचं काम कच्चं ऱ्हायलं. आबांचं वय झालंय, हात थरथरत्यात आता. चूक आमची."

सुहासरावांनी मोठा श्वास सोडला. "तेच म्हणतो मी. माणसं प्रामाणिक आहेत," ते म्हणाले आणि त्यांनी दानीएलच्या खांद्यावर थोपटलं.

पोराने आपल्या तोंडावर आपले हात थरथरतात म्हणून सांगितलं, हे म्हाताऱ्याला समजायला थोडा वेळ लागला. पेट्या धरून पन्नास वर्षांचं काम त्याने एका वाक्यात देऊन टाकलं होतं. दानीएलने खांद्यावरचा हात बाजूला केला. त्याला थुंकावंसं वाटलं, पण फरशी विजयाने पुसलेली होती.

"सुहासराव," तो म्हणाला, "वर बसा."

"काय?"

"टेबलावर बसा. काम कच्चं असंल तर सांधं सुटतील, पाय फाकतील. लाकूड कच्चं असंल तर दुसरं काय हुईल. बसा, म्हंजी ह्या पाव्हन्यांना कळंल."

"टेबलावर कोणी बसतं का?" सुहासराव हसले. मित्र हसले नाहीत.

"बसा की," विजया दारातून म्हणाली. "इतकं सांगता सगळ्यांना."

सुहासराव बसले नाहीत. त्यांनी टेबलाच्या कडेवरचा हातसुद्धा काढून घेतला आणि खिशात घातला.

दानीएलने खुर्ची ओढली, तिच्यावर पाय दिला आणि पाठमोरा होऊन टेबलाच्या मधोमध टेकला. पन्नास किलोचा माणूस. जोराचा आवाजसुद्धा झाला नाही. शिळी भाकरी मोडावी तशा फळ्या मोडल्या, चॉकलेटी रंगाचं पातळ कातडं फाटलं, खालून पांढरी पिठी उडाली, आणि म्हातारा चौकटीच्या आतून थेट फरशीवर आपटला. एका मित्राच्या चहाच्या कपात पिठी पडली. दुसरा उठून उभा राहिला. स्टीफन धावत पुढे आला.

"हात लावू नको मला," दानीएल म्हणाला. त्याच्या कमरेत कळ गेली होती, तोंड आवळलेलं होतं. चारी बाजूंनी बाभळीचे पाय उभे होते आणि मधे तो सदराभर भुसा घेऊन बसला होता. "सांधं बघ."

"आबा, उठा आधी."

"सांधं बघ म्हनलं ना. आठ हायेत."

स्टीफन गुडघ्यांवर बसला. त्याने पहिला पाय दोन्ही हातांनी धरून हलवला, सगळा जोर लावून पिळला. मग दुसरा. प्रत्येक पट्टीच्या टोकाला खुंटीवरून अंगठा फिरवला. सुहासराव खिडकीबाहेर बघत होते, बाहेर बघण्यासारखं काही नसताना. स्टीफन फिरत फिरत आठव्या सांध्यापर्यंत आला आणि तिथेच बापाच्या समोर थांबला.

"एक तरी सुटलाय का?"

"न्हाई आबा."

"मला नको सांगू. मला ठाऊक हाय. त्येंना सांग."

स्टीफनने मान वर केली. सोफ्याजवळच्या त्या दोघांकडे त्याने पाहिलं. तोंड उघडलं की दोन बंगले गेले, हे त्याला नीट कळत होतं.

"काम कच्चं नव्हतं," तो म्हणाला. "मी खोटं बोललो."